संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग

एसटीच्या मागच्या खिडकीवर लाल अक्षरांत लिहिलेले हे वाक्य आमच्या पिढीने अक्षरओळख झाली तेव्हापासून वाचले आहे. ‘मार्ग’मधला रफार आम्ही पाटीवर नव्हे, एसटीतच शिकलो म्हटले तरी चालेल. पुढे घरोघरी स्वतःच्या गाड्या आल्या. गाडी घेताना आपण सरासरी विचारतो, रंग बघतो, मागे बूटमध्ये किती सामान मावेल ते बघतो. गाडी दारात आली की आरशाला सफरची दुआ लटकवतो. पण संकट आले तर या गाडीतून बाहेर पडण्याचा मार्ग कोणता, हे कुठे लिहिलेले नसते आणि आपण कोणाला विचारतही नाही.

आम्हालाही ते सुचले नव्हते. सुचले ते २५ जुलै २०२५ ला. त्या रात्री एकच्या सुमारास बेलापूरहून उलव्याकडे निघालेल्या एका महिलेची गाडी खाडीत गेली. फोनवरच्या नकाशाने वाट दाखवली, खाडीपुलावर चढायचे ते राहिले, पुलाखालचा रस्ता धरला गेला आणि तो रस्ता ध्रुवतारा जेट्टीवर संपला. सागरी सुरक्षा पोलिस जवळच होते. त्यांनी तिला वाचवले. सकाळी बातमी वाचताना घरात सगळे गप्प होते, कारण तो आमचाच रस्ता. उलवे, गव्हाण फाटा, जासई, करळ, न्हावा शेवा, उरण असे आमचे रोजचे जाणे-येणे. रात्री उशिरा लग्नाहून परतताना त्याच पुलावर आम्हीही ‘आता डावीकडे का सरळ?’ असा घोळ घातलेला आहे.

न्हावा आणि शेवा ही मुळात दोन गावांची नावे. १९८९ मध्ये बंदर सुरू झाले आणि खाजणात, मिठागरांत रस्ते उभे राहिले. आज या भागात कुठेही जा, एका बाजूला कंटेनरची रांग आणि दुसऱ्या बाजूला तिवरे नाहीतर खाडीचे पाणी. जानेवारी २०२४ पासून अटल सेतूही आहे. जवळजवळ बावीस किलोमीटरचा पूल, त्यातले साडेसोळा किलोमीटर समुद्रावर. त्यावरून जाताना मुले खिडकीला नाक लावून फ्लेमिंगो शोधतात. भीती घालायची म्हणून हे सांगत नाही. पुलाचे कठडे मजबूत आहेत. पण पाण्याच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला पोहता यावे असे आपले बुजुर्ग म्हणत. आता आपण पाण्याच्या शेजारी गाडी चालवतो, तेव्हा गाडीतून निघताही आले पाहिजे.

आणि पाणी खाडीचेच असावे लागते असेही नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी मुंबईत रस्त्यावरच्या पाण्यात अडकलेल्या बंद गाड्यांत माणसे गुदमरून गेली. बाहेर पाऊस, म्हणून काचा बंद आणि एसी चालू. पाणी चढत गेले, दारे उघडेनात, काचा उतरेनात. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसातही सायनजवळ बंद गाडीत एकाचा असाच जीव गेला. सायलेन्सर पाण्याखाली असताना इंजिन चालू ठेवून आत बसणे म्हणजे विषारी वायू अंगावर घेणे, हे त्यातून शिकण्यासारखे आहे. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत आले की गाडीचा मोह सोडावा, इंजिन बंद करावे आणि उतरून चालू लागावे. गाडीला विमा असतो.

इथे एक कबुलीही द्यायला हवी. आपल्याच रायगड जिल्ह्यात २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला. त्याबरोबर दोन एसट्या आणि इतर वाहने पुरात गेली. तिथे कोणती हातोडी कामी आली असती? नाहीच आली असती. हातात मावणाऱ्या औजाराकडून आम्ही तेवढी अपेक्षा ठेवत नाही. पण अनेक संकटे त्याहून लहान असतात, आणि त्यांत माणूस मरतो तो पाण्याने किंवा आगीने मरण्याआधी बंद दाराने मरतो. १ जुलै २०२३ ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खाजगी बस उलटली आणि पेटली. पंचवीस जण गेले. बस दाराच्या बाजूवर पडल्याने दार निकामी झाले होते. जे थोडे वाचले, त्यांतल्या काहींनी खिडकीची काच फोडून वाट काढली. आमच्या बाजूला ट्रेलरच्या मागे गाडी घुसून दारे चेपण्याचे प्रकार तर नवीन नाहीत.

आम्ही भाषेचे शिक्षक. त्यामुळे दार का उघडत नाही, हा प्रश्न स्टाफरूममध्ये विज्ञानाच्या सहकाऱ्यापुढे ठेवला. त्यांनी चहाचा कप बाजूला सरकवून वहीच्या मागच्या पानावर हिशेब केला. दार एक मीटर रुंद धरा. बाहेर दाराच्या खालच्या कडेपासून अर्धा मीटर पाणी आहे आणि आत पाणी नाही. तर दारावर सव्वाशे किलोच्या आसपास भार येतो. पाणी एक मीटर झाले, म्हणजे दुप्पट झाले, तर भार चौपट, पाचशे किलो. “आता बाहेर ढकला,” ते म्हणाले. आम्ही वही बंद केली.

म्हणून गाडी पाण्यात पडली तर दाराशी झटायचे नाही. कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्त यांनी स्वतः गाड्यांत बसून त्या पाण्यात बुडवून बघितल्या आहेत. त्यांचे सांगणे असे की गाडी दगडासारखी तळाला जात नाही. अर्धा मिनिट ते दोन मिनिटे ती तरंगते. पहिला मिनिट हाच आपला. त्यात करायचे काय? बेल्ट सोडा, काच खाली करा, मुलांना आधी बाहेर काढा, मग स्वतः निघा. विजेवरच्या काचा पाणी लागताक्षणी बंद पडत नाहीत, सुरुवातीला बहुधा चालतात. पण पाणी काचेपर्यंत चढले की बाहेरच्या दाबाने काच खाचेत आवळली जाते आणि मोटरचे बळ पुरत नाही. त्या मिनिटात फोन करत बसायचे नाही. ११२ लावायचा तो बाहेर आल्यावर, गाडीच्या टपावरून किंवा काठावरून. आणि सिनेमात दाखवतात तसे ‘गाडी पूर्ण भरू दे, मग दार उघडेल’ म्हणून थांबणे हा अगदी शेवटचा, नाइलाजाचा उपाय आहे. त्यासाठी अंधारात, गढूळ पाण्यात, श्वास रोखून शांत राहावे लागते.

काच फोडायच्या औजाराची जागा या क्रमात दुसरी आहे. काच खाली आली तर त्याची गरज नाही. नाही आली तरच.

हे कळल्यावर आम्ही उत्साहाने तीन औजारे घेतली. एक इंटरनेटवरून मागवलेली, दीडशे रुपयांची नारिंगी हातोडी. एक जरा वजनदार, दोन्ही बाजूंना पोलादी टोके असलेली. तिसरे म्हणजे अंगठ्याएवढे स्प्रिंगचे यंत्र. ते काचेवर टेकवून दाबले की आतली स्प्रिंग आवळते, सुटते आणि टोकदार खिळा काचेवर आदळतो. हात उगारावा लागत नाही. मग ओळखीच्या गॅरेजवाल्या उस्तादांकडे भंगारात निघालेली एक जुनी गाडी होती, तिच्यावर शनिवारी दुपारी प्रयोग करायचे ठरले. उस्तादांनी अट घातली, “सर, चष्मा लावायचा, पूर्ण बाह्यांचे कपडे घालायचे, आणि झाडून तुम्हीच द्यायचं.”

थोरल्या मुलाने पहिली हातोडी बाजूच्या काचेच्या मधोमध मारली. काच थरथरली आणि हातोडी उसळून परत आली. पुन्हा मारली, पुन्हा तेच. चौथ्या वेळी पाहिले तर काच शाबूत आणि हातोडीचेच टोक चेपलेले. उस्ताद हसले. दुसरी हातोडी त्यांनी काचेच्या खालच्या कोपऱ्याजवळ मारली, अगदी बेताने. ‘फट्’ आवाज आला आणि सगळी काच साबुदाण्यासारखी सांडली. याचे कारण असे की मधोमध काच थोडी वाकते आणि मार सोसून घेते. कडेला ती चौकटीत घट्ट असते, वाकायला जागा नसते. बाजूची काच बहुधा टेम्पर्ड, म्हणजे तापवून झटकन थंड केलेली असते. तिच्या वरच्या थरात दाब आणि पोटात ताण भरलेला असतो. कडक टोकाने वरचा थर एका जागी जरी भेदला, तरी आतला ताण सुटून सगळ्या काचेचे बारीक, बोथट दाणे होतात. म्हणून ताकदीपेक्षा टोक महत्त्वाचे.

दुसऱ्या बाजूच्या काचेला आधीच्या मालकाने काळी फिल्म लावलेली होती. तिथे स्प्रिंगचे यंत्र वापरले. काच पहिल्याच दाबाला तडकली, पण पडली नाही. फिल्मला धरून चादरीसारखी लोंबत राहिली. कोपराने ढकलून, वरून सोलून काढावी लागली. गडद फिल्म लावू नये असे सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्येच सांगितले आहे. आमच्या मते पडद्याच्या सोयीसाठीसुद्धा ती नको. गाडीतल्या बायकांना ऊन आणि नजरा नकोशा वाटतात हे आम्ही जाणतो. त्यासाठी काढता येणारी जाळी लावावी.

मग मुलगा म्हणाला, “समोरची काच फोडू.” उस्ताद म्हणाले, “फोडून बघ.” त्याने दोन्ही हातांनी वजनदार हातोडी घातली. कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी उमटली, हातोडीचे टोक आत रुतले, आणि बस्स. समोरची काच लॅमिनेटेड असते: दोन काचा आणि मध्ये प्लॅस्टिकचा चिवट पडदा. एदुआर बेनेदिक्तुस नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या हातून १९०३ मध्ये एक बाटली पडली, तडकली पण फुटली नाही, कारण आतून वाळलेल्या रसायनाचा पापुद्रा होता. त्यावरून ही कल्पना निघाली. अपघातात माणूस समोरून बाहेर फेकला जाऊ नये म्हणून ती असते. बाहेर ठेवायचे काम ती जशी करते, तसेच आत ठेवायचेही करते. मागची आणि बाजूची काच हीच आपली वाट.

आता खरी गोम. काही नव्या आणि महागड्या गाड्यांत आवाज कमी यावा म्हणून बाजूच्या काचाही लॅमिनेटेड येतात. अमेरिकेतील एएए या वाहनधारकांच्या संस्थेने २०१९ मध्ये अशी सहा औजारे तपासली. टेम्पर्ड काच चार औजारांनी फुटली. लॅमिनेटेड काच सहांपैकी एकानेही फुटली नाही. स्प्रिंगची औजारे हातोड्यांपेक्षा सरस ठरली, कारण पाण्याखाली हात उगारला तरी त्यात जोर उरत नाही. ज्यांना पटत नाही त्यांनी पाण्याने भरलेल्या बादलीत हात घालून तळावर चापट मारून बघावी.

तेव्हा औजार विकत घेण्याआधी आपल्या गाडीची काच वाचा. प्रत्येक काचेच्या खालच्या कोपऱ्यात बारीक शिक्का असतो. त्यावर इंग्रजीत टेम्पर्ड, टफन्ड किंवा लॅमिनेटेड असे लिहिलेले असते. आमच्या मुलांनी मोबाइलच्या उजेडात सहाही काचा वाचल्या. समोरची सोडून सगळ्या टेम्पर्ड निघाल्या. एखाद्याच्या गाडीत पुढच्या दोन काचा लॅमिनेटेड आणि मागच्या टेम्पर्ड असू शकतात. अशा घराने कुठली काच फोडायची ते आजच ठरवावे, पाण्यात बसून नव्हे.

विकत घेताना आम्ही आता तीन गोष्टी बघतो. टोक टणक पोलादाचे किंवा कार्बाइडचे हवे. बेल्ट कापायचे पाते खाचेच्या आत दडलेले हवे, म्हणजे घाईत बोट कापणार नाही. आणि औजार एवढे साधे हवे की दादीच्याही हातून चालेल. टॉर्च, भोंगा, फोन चार्जर असे एकात सगळे देणाऱ्या औजारांवर आमचा विश्वास नाही. बेल्ट कापण्याचीही एक युक्ती आहे. भंगार गाडीत मुलाने पाते सरळ ओढले तर ते पट्ट्यात अडकून बसले. तिरके धरून, पट्टा ताणून ओढले तेव्हा सर्रकन कापले. आधी खांद्यावरचा पट्टा, मग कमरेवरचा. अर्थात बटण दाबून बेल्ट सुटत असेल तर पात्याला हात लावायचा नाही. ओढणीचा किंवा बुरख्याचा घोळ बेल्टच्या कुलपात अडकतो, हा आमच्या घरातला रोजचा अनुभव. बसतानाच तो सोडवून घ्यावा.

व्हॉट्सॲपवर फिरणारी एक गोष्टही मोडीत काढू. सीटवरची डोके टेकायची उशी काच फोडण्यासाठीच काढता येते, असे त्यात सांगतात. ती उंची कमी-जास्त करण्यासाठी काढता येते. भंगार गाडीत ती सीटलाच एकजीव होती, निघतच नव्हती. आमच्या गाडीत निघाली, पण मुलाला दोन्ही हात लावून अर्धा मिनिट गेला. त्या मिनिटाचा हिशेब वर दिलाच आहे.

औजार ठेवायचे कुठे? डॅशबोर्डच्या खणात नको. गाडी उलटली की खणातले सगळे कुठे जाईल सांगता येत नाही. डॅशबोर्डवर, एअरबॅग उघडते तिथे तर मुळीच नको. आम्ही पहिल्यांदा डिंकाच्या पट्टीने दाराला चिकटवले. मे महिन्याच्या उन्हात डिंक वितळला आणि ते सीटखाली सापडले. आता एक चालकाच्या सीटशेजारी, बेल्टच्या कुलपाजवळ, बेल्ट लावलेल्या अवस्थेत डोळे मिटून हात पोचेल असे बांधले आहे. दुसरे मागच्या सीटवर, धाकट्याच्या हाती लागणार नाही अशा उंचीवर.

एवढे झाल्यावर आम्हाला वाटले, झाले. विज्ञानवाले सहकारी म्हणाले, “परीक्षा घेतली का?”

रविवारी फज्रनंतर मोकळ्या मैदानात गाडी उभी केली. घरातले सहा जण नेहमीच्या जागांवर. दादी नेहमीप्रमाणे मागे मधोमध, कारण तिथे दोन्ही नातवंडांना धरता येते. “गाडी पाण्यात आहे,” आम्ही म्हणालो आणि घड्याळ लावले. पुढच्या काचा झरझर खाली आल्या. मागच्या हलेनात. मुलगी बटण दाबत राहिली, “उतरत नाहीये, अब्बा, उतरत नाहीये.” धाकटा खिडकीशी खेळतो म्हणून आम्हीच कधीतरी चालकाच्या दारावरचे कुलूप-बटण दाबून ठेवले होते. मागच्या सगळ्या काचा त्या एका बटणाने बंद होत्या, किती महिन्यांपासून कोणास ठाऊक. ते सापडून, दादीचा बेल्ट सुटून, सगळे बाहेर येईपर्यंत दोन मिनिटे दहा सेकंद झाली. दादीचे गुडघे दुखतात. खिडकीतून निघणे तिला जमेना. तिला दारातूनच उतरवले. म्हणजे खरे तर दादी बाहेर आलीच नाही.

घरी येताना कोणी बोलले नाही. दादीच म्हणाली, “माझ्यासाठी थांबू नका, पोरांना काढा.” हे वाक्य ऐकून घ्यायला आम्ही तयार नव्हतो. पुढच्या रविवारी जागा बदलल्या. दादी आता खिडकीशी बसते. थोरला तिच्या शेजारी, तिला मागून आधार देण्यासाठी. धाकट्याला त्याची बहीण काढते. चालकाच्या दारावरचे कुलूप-बटण आता कायम उघडे असते. खिडकीतून निघायचे ते आधी डोके आणि खांदे काढून, चौकटीवर बसून, हात टपाला धरून, पाय सर्वांत शेवटी. दादीला कडेवर बसण्यापर्यंत आणले. तिथून मुलाने बाहेर घेतले. तिसऱ्या वेळी पंचावन्न सेकंद लागले. दादीने घड्याळ स्वतः बघितले आणि म्हणाली, “अजून एकदा.”

आता आमची नजरच बदलली आहे. गेल्या आठवड्यात शाळा सुटल्यावर मुलांना नेणारी एक व्हॅन बघत होतो. खिडक्यांना आडवे गज, मुलांनी डोके बाहेर काढू नये म्हणून. ठीक आहे. पण मग काच फोडून उपयोग काय? सरकते दार एकाच बाजूला. चालकाला विचारले, मागचे दार आतून उघडते का? तो बिचारा भला माणूस. मागे जाऊन आत वाकला, चाचपडला.

“नाही सर. आतून दांडीच नाही. आजवर कुणी विचारलंच नव्हतं.”

शनिवारी ती व्हॅन घेऊन आम्ही उस्तादांकडे चाललो आहोत. लहान्यांच्या हाती लागणार नाही पण मोठ्या मुलाला ओढता येईल अशी दांडी आतून बसवता येईल, असे ते म्हणाले आहेत. बसल्यावर वर लाल रंगाने काय लिहायचे, ते चालकाने विचारायच्या आधीच मुलांनी सांगितले.